उज्ज्वलाकाकीचं आभारप्रदर्शन

"समे, टाळी नक्की कुठं येते ते आधी सांग, मग पुढचं वाच," जालिंदरकाका म्हणाले आणि त्यांनी कॉटवर मांडी ठोकली.

"टाळी 'आता पुरे!' इथं येते," मी म्हणाले. "त्याच्या आधी तीन वेळा 'पाच वर्षं' येतं. पाच वर्षं पाणी नाही. पाच वर्षं दिवे नाहीत. पाच वर्षं गटार नाही. आता पुरे!"

"गटार हाय की."

"काका, तीन लागतात."

"मग खोटं बोलायचं का?"

"गटार आहे, पण ते वाहत नाही."

काकांनी छताकडं बघून विचार केला. "मग बरोबर हाय. ठेव."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे आणि तालुक्यात मला ओळखत नाही असा एक माईक शिल्लक नाही. पण तेव्हा मी आठवीत होते आणि नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. विषय होता 'पाणी : एक राष्ट्रीय संपत्ती'. आमच्या कुसूरमाळात त्या आठवड्यात राष्ट्रीय संपत्ती आलीच नव्हती, त्यामुळं मी आंघोळ न करता बक्षीस घेतलं. ढाल घरी टीव्हीवर ठेवली होती आणि माझं डोकं तिच्याही वर होतं.

मला हे सगळं शिकवलं आमच्या लोहार सरांनी. सर म्हणायचे, "एकदा सांगितलं की कानावरून जातं. तीनदा सांगितलं की डोक्यात बसतं. चौथ्यांदा सांगितलं की लोक घड्याळ बघतात." लोकांना प्रश्न कसा विचारायचा, उत्तराआधी किती थांबायचं, दोन उलट गोष्टी शेजारी ठेवून ठिणगी कशी पाडायची, सगळं मला पाठ होतं. त्यामुळं निवडणूक लागली तेव्हा काकांनी मला घरातल्या घरात भाषणमंत्री करून टाकलं.

आणि हे सगळं ज्या उमेदवारासाठी चाललं होतं, तो उमेदवार तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आत आला.

सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. म्हणून आमच्या पॅनलकडून उभी होती उज्ज्वलाकाकी, आणि समोरून निवासआबांची सून. पण गावात विचाराल तर लढत होती जालिंदरभाऊ विरुद्ध निवासआबा अशी. पोस्टरवर काका हात जोडून छातीपासून वर, आणि काकी खाली कोपऱ्यात, चिन्हाच्या शेजारी. चिन्ह होतं कपबशी. कपबशी काकीपेक्षा मोठी होती. फोटो आधार कार्डावरचा घेतलेला, त्यात काकी स्वतःलासुद्धा ओळखू येत नव्हती.

"मी काय बोलायचं?" काकीनं चहा देता देता विचारलं.

"तू कशाला बोलतीस? मी हाय की." काकांनी बशीत चहा ओतला. "तू हात जोडायचं. आणि शेवटच्या सभेत आभार मानायचं. दोन वळी. सर्वांचे आभार, चिन्ह कपबशी, विसरू नका. बास."

"दोनच?"

"अगं, आभाराला कोण थांबतंय? समे, पुढचं वाच."

काकी ट्रे घेऊन गेली. मी पुढचं वाचलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. टाळी कुठं येते याच नादात होते मी.

पहिली कोपरासभा माळी आळीत झाली आणि त्या सभेत माझ्या सगळ्या विद्येचं भजं झालं. मी काकांना लिहून दिलं होतं, 'आता पुरे!' च्या आधी थोडं थांबा. काका थांबले ते इतके थांबले की माईकवाला दस्तगीर धावत स्टेजवर चढला आणि माईकवर टकटक करून "हॅलो, हॅलो, चेक" म्हणाला. लोकांनी टाळ्या दस्तगीरला दिल्या.

तरी काका खचले नाहीत. ते प्रश्नांवर आले. प्रश्न आला की तरुण मंडळाच्या पोरांनी मागून उत्तर ओरडायचं, असं ठरलं होतं. पोरांना दुपारी वडापाव घालून तयार केलं होतं.

"सांगा!" काका गरजले. "आपल्या नळाचं पाणी कुणी पळवलं?"

"निवासआबांनी!" पोरं ओरडली. काय आवाज! माझ्या अंगावर काटा आला.

"दिव्यांचं वाटोळं कुणी केलं?"

"निवासआबांनी!"

"आणि आता ह्या गावाचा विकास कोण करणार?"

"निवासआबा!"

पोरं लयीत होती, त्यांचा दोष नाही. दुसऱ्या दिवशी निवासआबांच्या गाडीवरच्या भोंग्यातून दिवसभर तेच चाललं होतं: "विरोधकसुद्धा म्हणतात, विकास कोण करणार? निवासआबा!"

त्या दिवशी काका जेवले नाहीत. मीपण जेवले नाही, पण नंतर थोडा शेवभात खाल्ला.

सकाळी काकीनं मला हाक मारली. "समू, कालव्यावर चल. ह्यांची कापडं धुवायची हायत." मी निमूट गेले. आमच्या कालव्याला पायऱ्या आहेत आणि एक मोठा काळा दगड आहे, तो काकीचा ठरलेला. तिनं काकांची पांढरी पँट दगडावर टाकली आणि मला विचारलं, "निवासआबांच्या मंडळी पाच वर्षं सरपंच होत्या. नाव सांग त्यांचं."

"निवासआबांची मंडळी," मी म्हणाले.

"ते नाव न्हवं."

मी आठवून बघितलं. शाळेत झेंडावंदनाला त्या यायच्या, डोक्यावर पदर, दोरी ओढायच्या आणि जायच्या. भाषण आबा करायचे. "नाही माहीत."

"कुणालाच न्हाई. सह्या करून बोटं दुखली आसतील बाईची, आणि गावाला नाव ठाव न्हाई." काकीनं पँट जोरात आपटली. "मला तशी सरपंच न्हाई व्हायचं, समू. त्यापेक्षा पडलेलं बरं. मला बोलायचंय. तोंड उघडलं तर लोकांना कळंल तरी की आत माणूस हाय."

मी तिच्याकडं बघतच राहिले. आमच्या घरात सगळ्यात कमी बोलणारी बाई, आणि तिला माईक पाहिजे होता.

"काका देणार नाहीत."

"दिलाय की. आभाराला."

"काकी, आभाराला लोक उठतात! सूत्रसंचालक 'आता आभार' म्हणाला की सगळे मागची धूळ झटकायला लागतात."

"म्हणून तर मला दिलंय." ती हसली. "पण एक सांग. भाषण मधी थांबवता येतं. आभार थांबवता येतात का कुणाला?"

मी विचार केला आणि माझ्या डोक्यात पेट्रोमॅक्स पेटल्यासारखं झालं. नाही येत! लग्न असो, गणपती असो, शाळेचं गॅदरिंग असो, भाषण लांबलं तर चिठ्ठी पाठवतात, पण आभार मानणाऱ्याला कुणी चिठ्ठी पाठवत नाही. कारण ज्याचं नाव राहील तो वर्षभर रुसतो. आपलं नाव येईपर्यंत कुणीच बोलणाऱ्याला तोडत नाही.

"मग आपण भाषण करायचंच नाही," मी उडी मारली. "नुसते आभार मानायचे! पण असे मानायचे की… काकी, व्याजस्तुती माहितीय का?"

"कुणाची मुलगी ती?"

"अगं, अलंकार आहे. तोंडानं कौतुक करायचं आणि आतून चिमटा काढायचा."

"म्हंजे आमच्या सासूबाई माझ्या भाकरीचं करत्यात तसं?"

"अगदी तसं."

"मग येतं मला," काकी म्हणाली.

तीन सकाळी आम्ही कालव्यावर तालीम केली. मी सांगायचे, काकी म्हणायची, आणि जिथं टाळी यायला पाहिजे तिथं काकांची पँट दगडावर आपटायची. "प्रत्येक वाक्य 'आभार मानते' नंच सुरू करायचं," मी सांगितलं. "तेच तेच आलं की लोक पुढच्याची वाट बघतात. आणि तिसरं सगळ्यात जोरात." फट्! काकी पहिल्या दिवशी घाईत बोलायची, तिसऱ्या दिवशी तिला थांबायचं कळलं. पाणी निथळेपर्यंत पँट वर धरून ठेवायची, मग वाक्य, मग फट्! निवडणूक संपेपर्यंत काकांची एक पँट गुडघ्यात विरली.

"आणि लोक उठायला लागले तर?" तिनं शेवटी विचारलं.

लोहार सरांनी आभारप्रदर्शन शिकवलंच नव्हतं.

शेवटची सभा चावडी चौकात होती. प्रचार संध्याकाळी बंद होणार होता, म्हणून दुपारी उन्हं कलतानाच गाव जमलं. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, पोरं स्टेजखाली. मी स्टेजच्या पायरीवर बसले होते, लिहिलेला कागद मुठीत धरून. काकी काकांच्या मागच्या खुर्चीवर, हिरवं लुगडं, मांडीवर दोन्ही हात.

काका बोलले. बोलले म्हणजे काय, सगळं वापरलं. तीनदा, पाचदा, सातदा. ते गावाचे सेवक होते, मग गावाचा बैल झाले, मग गावाचा वटवृक्ष झाले आणि वटवृक्षाच्या खांद्यावर गावानं जू ठेवावं म्हणाले. प्रश्न मात्र एकही विचारला नाही. पोरांवरचा विश्वास उडाला होता. शेवटी लोक टाळ्या वाजवत होते ते उठण्याची परवानगी मिळावी म्हणून.

"आता आभार," सूत्रसंचालक म्हणाला. "आभार मानतील आपल्या उमेदवार सौ. उज्ज्वलाताई."

आणि गाव उठलं. मी बघितलं, अख्खं गाव उठायला लागलं. धोतरं झटकली जात होती, चपला शोधल्या जात होत्या. काका खाली वाकून कुणाला तरी गाडी आणायला सांगत होते. काकी माईकपाशी पोचली तेव्हा समोर नुसत्या पाठी होत्या. मी डोळे मिटून घेतले.

"आभार मानते," काकीचा आवाज आला, अगदी शांत, "तानाजीमामांचे. जे उठलेत, पण एक चप्पल घावत न्हाई म्हणून अजून हितंच हायत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तानाजीमामा एका पायावर उभे होते.

"आभार मानते शेवंताआक्काचे. त्या बसल्यात. कारण त्यास्नी ठाव हाय, आभारात नाव येईस्तवर उठू नये."

आता हशा मोठा झाला. आणि शपथेवर सांगते, बायांची बाजू पहिल्यांदा बसली. मग बाप्ये एकमेकांकडं बघून, न जाणो आपलं नाव आलं तर, असं करत टेकले. हे वाक्य माझं नव्हतं. मी तर उत्तर दिलं नव्हतं तिला. पण पुढचं माझं होतं, आणि ते सुरू झालं.

"आभार मानते निवासआबांचे. त्यांनी आपला मेन रस्ता एकदा केला न्हाई. दरवर्षी केला. एकाच रस्त्यावर येवढी माया करणारा माणूस मी बघितला न्हाई."

टाळी! मी कागद चुरगाळला.

"आभार मानते त्यांच्या दिव्यांचे. दिवसभर जळत्यात. भरदुपारी आपल्या गावात चोरी झालेली कुणी ऐकली का?"

"न्हाई!" बाया ओरडल्या. पोरं नव्हे. वडापाव न खाता.

"आभार मानते नळाचे." काकी थांबली. मी मनातल्या मनात पँट वर धरली. "पाणी येत न्हाई, पण हवा येती. चैतात लेकरं नळाखाली बसवावीत, गार वाटतं."

चौक नुसता हादरला. दस्तगीर माईकपाशीच बसून हसत होता, आवाज वाढवायचं बटण धरून. काका स्टेजवर मागं वळून बघत होते, हसू का नको ते ठरवत. लोक हसत होते ते निवासआबांना, म्हणून तेही हसले.

"आभार मानते मावळत्या सरपंचांचे," काकी म्हणाली आणि आवाज बदलला. "त्यांचं नाव लीलाबाई. बऱ्याच जणांना ठाव नसंल. मी इचारून घेतलं. लीलाबाई, पाच वर्षं तुमच्या सह्यांवर गाव चाललं. तुमचे आभार."

ह्या वेळी टाळी आली नाही. चौकासमोरच निवासआबांची माडी आहे. तिथल्या गच्चीवर वाळवणापाशी बसलेली एक बाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि उभीच राहिली. खाली बायांनी माना वर केल्या.

माझा कागद तिथं संपला होता. त्याखाली मी फक्त 'चिन्ह कपबशी' लिहिलं होतं. मला वाटलं, झालं, आता उतर काकी, जिंकलीस.

"आणि शेवटचे आभार आमच्या मालकांचे."

काका ताठ बसले. सदरा ओढून नीट केला.

"येवढं कोण करतं बायकोसाठी? अर्ज माझा, त्यांनी भरला. पोस्टर माझं, त्यांनी छापलं, आणि कोपऱ्यात मलापण थोडी जागा दिली. भाषण माझं, ते त्यांनी केलं, घसा बसंस्तवर."

बाया तोंडाला पदर लावून हलत होत्या. काका अजून हसतच होते, पण हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, कपडे वाळत टाकून विसरावेत तसं.

"लई दमलेत ओ ते. म्हणून मी ठरवलंय." काकी थांबली. इतकी थांबली की दस्तगीरनं माईककडं हात नेला आणि मग मागं घेतला. "तुम्ही निवडून दिलं, तर पुढचं सगळं माझं मी करीन. सही मी करीन. सभेत मी बोलीन. चुकलं तर शिव्या मी खाईन. मालकांना इस्रांती. चिन्ह कपबशी."

मला टाळ्यांचं आता आठवत नाही, मी स्वतःच ओरडत होते. तेवढं आठवतं की काका उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "हे सगळं मीच तिला शिकवलंय बरं का!"

गाव त्यालाही हसलं. काकांना वाटलं, कौतुकानं.

त्या रात्री काकीनं ताट वाढलं, काका जेवले आणि हात धुताना फक्त म्हणाले, "भाषणात बोलायच्या गोष्टी येगळ्या असत्यात. लोकं टाळ्या वाजवत्यात म्हणून माणूस बोलतो. मला समजतं ते."

"व्हय," काकी म्हणाली.

काकी निवडून आली. फार मतांनी नाही, पण गुलाल काही मतं मोजून उडत नाही. मिरवणूक निघाली आणि पोरांनी खांद्यावर घेतलं ते काकांना. हार काकांना, पेढा काकांना, "भाऊ, कामाकडं लक्ष असू द्या" हेही काकांना. काकी मागून चालत होती, कपाळावर गुलाल, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. भाषण संपलं की सगळं संपतं का? लोक हसले, टाळ्या झाल्या, आणि आता परत कोपऱ्यातला फोटो? मी तिचा हात धरला तर ती म्हणाली, "नाचू दे त्यांना. मंगळवारी पहिली सभा हाय."

मंगळवारी काकांनी नवीन पांढरे कपडे घातले, अत्तर लावलं आणि ओट्यावर बसून राहिले. निघाले नाहीत. मोठा माणूस सगळे बसल्यावर शेवटी जातो आणि त्याला बोलवायला माणूस येतो, हा त्यांचा नियम. काकी पुढं चालत गेली.

आमची शाळा पंचायतीला लागूनच आहे. मधली सुट्टी झाली तशी मी खिडकीच्या गजाला लटकले. सदस्य जमले होते. टेबलामागं सरपंचांची खुर्ची होती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. तिच्या शेजारी तश्शीच दुसरी खुर्ची, तिच्यावरही टॉवेल, उलट जरा नवा.

काकी आत आली, आपल्या खुर्चीत बसली आणि शेजारी बघितलं.

"ही खुर्ची कुणाची?"

"भाऊंची," ग्रामसेवक म्हणाले. "पहिल्यापासून पद्धत हाय, ताई. आबांचीपण हितंच असायची."

मला वाटलं, आता ती काहीतरी जोरदार बोलणार. तीनदा काहीतरी. निदान एखादा चिमटा.

"मग त्यांना पोचती करा," काकी म्हणाली.

"म्हंजे?"

"घरी."

ग्रामसेवकांनी सदस्यांकडं बघितलं, सदस्यांनी टेबलाकडं. टाळी कुणीच वाजवली नाही. शेवटी शिपायानं खुर्ची उचलली, डोक्यावर उलटी घेतली आणि तो बाहेर पडला. मी सुट्टी विसरून त्याच्या मागं धावले. चावडी चौक, माळी आळी, पिठाची गिरणी, सगळ्या गल्लीनं लोक दारात येऊन बघत होते, टॉवेल लावलेली खुर्ची कुठं चाललीय ते. तानाजीमामा तर सोबतच चालायला लागले.

शिपायानं खुर्ची आमच्या ओट्यावर ठेवली. काका उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, बोलावणं आलं.

"ही कशाला आणली?"

"सरपंचांनी पाठवली," शिपाई म्हणाला.

काकांनी गल्लीकडं बघितलं. अर्धं गाव उभं होतं. मग खुर्चीकडं बघितलं. मी वाट बघत होते, आता काय बोलतील.

त्यांनी टॉवेल सरळ केला आणि बसले.